रानघोडा म्हणजे नेमका कोण? आणि गोव्याचा त्याच्याशी काय संबंध?

जून २०२४ मध्ये चेक लष्कराच्या विमानांतून सात घोडे कझाकस्तानात पोचले. प्राग आणि बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयांतून आलेले, ताठ आयाळीचे, जाड मानेचे, पिवळट तपकिरी रंगाचे. बेत आठांचा होता, पण एक घोडा उड्डाणाआधीच पेटाऱ्यात खाली बसला. इतक्या लांबच्या प्रवासात घोड्याला उभंच राहावं लागतं. अडचणीच्या जागेत तासन्‌तास बसून राहिला तर स्वतःच्याच वजनाखाली त्याच्या पायांतलं रक्ताभिसरण अडतं आणि जिवावर बेततं. म्हणून त्याला परत पाठवलं. बाकीचे सात सुखरूप उतरले आणि रानघोडे मायदेशी परतल्याच्या बातम्या झाल्या.

त्याआधी काही महिनेच, म्हणजे २०२३ च्या अखेरीस, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने कोसिउस्को राष्ट्रीय उद्यानातल्या रानघोड्यांना हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालायला परवानगी दिली होती. एका देशात रानघोडे विमानाने आणून सोडतात, दुसऱ्या देशात आकाशातून टिपतात, आणि दोन्हीकडे निसर्ग वाचवण्याचंच कारण देतात. वाचणाऱ्याचा गोंधळ उडाला तर नवल नाही. हे कोडं सुटायला घोड्याचं पोट आणि खूर समजून घ्यावे लागतात. ते समजले की सोळाव्या शतकात गोव्याच्या बंदरासाठी एवढ्या लढाया का झाल्या, हेही बरंचसं उलगडतं.

एका नावाखाली तीन जनावरं

गोव्यातल्या माणसाला हा फरक सांगायला गुरांचं उदाहरण पुरे. म्हादईच्या रानात फिरतो तो गवा, आपला राज्यप्राणी. हायवेवर रात्री बसकण मारते ती मोकाट गाय. दोघंही मोकळे, दोघांच्याही गळ्यात दावं नाही. पण मोकाट गाईच्या शेकडो पिढ्या गोठ्यात गेल्या आहेत, गव्याला कुणी गोठ्यात बांधलं नाही. शिवाय गवा गाईचा पूर्वजही नव्हे, ती वेगळी प्रजाती. गाईचा खरा रानटी पूर्वज ऑरॉक्स, त्याची शेवटची मादी १६२७ मध्ये पोलंडमध्ये मेली.

घोड्यांचं असंच आहे. ‘रानघोडा’ या एकाच शब्दाखाली आपण तिघांना कोंबतो. पहिला, ज्याच्यावर माणसाने कधी खोगीर घातलं नाही असा अस्सल रानटी घोडा. दुसरा मोकाट घोडा, म्हणजे ज्याचे पूर्वज पाळीव होते आणि सुटून रानात वाढले तो. अमेरिकेतला मस्टँग आणि ऑस्ट्रेलियातला ब्रम्बी या दुसऱ्या वर्गातले. तिसरं जनावर म्हणजे रानगाढव, घोड्याच्या कुळातलं पण वेगळ्या प्रजातीचं. कच्छच्या रणातलं घुडखर आणि लडाखमधला कियांग हे त्यातले.

युरोपातला टारपान नावाचा रानघोडा एकोणिसाव्या शतकात संपला. कैदेतला शेवटचा टारपान १९०९ च्या सुमारास मेला असं मानतात. म्हणजे आज अस्सल रानटी म्हणता येईल असा एकच घोडा उरला: मोंगोलियाचा ताखी, ज्याला पुस्तकांत रशियन प्रवाशाच्या नावावरून प्रेझवाल्स्कीचा घोडा म्हणतात. कझाकस्तानात उतरले ते हेच.

गवताने घडवलेलं शरीर

सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी घोड्याचा पूर्वज कुत्र्याएवढा होता. दाट झाडीत पाला खाणारा, पुढच्या पायांना चार आणि मागच्यांना तीन बोटं. पुढे हवामान कोरडं होत गेलं, रानं विरळ झाली आणि गवताळ पठारं पसरली. उघड्या मैदानात लपायला जागा नाही, त्यामुळे पळणाराच वाचतो. बाजूची बोटं झडत गेली आणि मधलं एकच बोट उरलं. आज आपण ज्याला नाल ठोकतो तो खूर म्हणजे त्या एका बोटाचं नख.

गवत चावणं सोपं नसतं. त्याच्या पात्यात वाळूसारखी सिलिका असते, ती दात घासून टाकते. म्हणून घोड्याची दाढ खूप लांब असते, बहुतेक जबड्यात दडलेली, आणि दर वर्षी दोन-तीन मिलिमीटर झिजते तेवढीच वर सरकते. दात पाहून घोड्याचं वय ठरवतात ते याच झिजेवरून.

पोटाची गोष्ट याहून महत्त्वाची. गाय रवंथ करते. चारा आधी पोटाच्या मोठ्या कप्प्यात कुजवते, मग पुन्हा चघळते. त्यामुळे ती कमी चाऱ्यातून जास्त सत्त्व काढते, पण चारा बारीक होईपर्यंत तिला थांबावं लागतं. घोडा रवंथ करत नाही. तो चारा कुजवतो शेवटी, मोठ्या आतड्यात. सत्त्व कमी निघतं, पण माल लवकर पुढे सरकतो. जाडंभरडं, वाळकं गवत त्याला चालतं, फक्त ते सतत मिळायला हवं. मोकळा घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरतो. चारशे किलोच्या घोड्याला रोज साधारण आठ किलो कोरडा चारा लागतो. बर्फ पडला तर तो खुराने बर्फ उकरून खालचं गवत खातो. गुरांना ही सवय नाही. मध्य आशियाच्या थंड पठारांवर घोड्याला एवढं मोल का आलं, ते यातून कळतं.

आणखी एक गोष्ट. मोकळे घोडे टोळीने राहतात: एक वळू घोडा, काही घोड्या, त्यांची शिंगरं. वयात आलेले तरुण नर बाहेर पडून आपला वेगळा गट करतात. टोळीत कोण कुणाच्या मागे चालणार, पाण्यावर आधी कोण जाणार, हे ठरलेलं असतं. वरचढाचं मानायची ही सवय नसती तर लगाम कुणाला घालता आला नसता.

आधी शिकार, स्वारी फार उशिरा

माणसाचं आणि घोड्याचं पहिलं नातं शिकाऱ्याचं आणि सावजाचं. जर्मनीत शोनिंगेन येथे घोड्यांच्या हाडांसोबत लाकडी भाले सापडले, त्यांचं वय दोन ते तीन लाख वर्षांच्या दरम्यान धरतात. फ्रान्समधल्या लास्को आणि शोवे गुहांच्या भिंतींवर घोडे आहेत, पण त्यांच्यावर स्वार नाही.

घोडा माणसाळला कुठे, यावर संशोधकांचं भांडण बराच काळ चाललं. उत्तर कझाकस्तानातल्या बोताई येथे सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीची वस्ती आहे. तिथल्या हाडांच्या ढिगांत बहुतेक सगळी हाडं घोड्याची. मडक्यांच्या आत घोडीच्या दुधाच्या स्निग्धांशाच्या खुणा सापडल्या, काही दातांवर लगामासारखी झीज दिसली. म्हणून बोताईकरांनी घोडा प्रथम पाळला असं २००९ मध्ये मांडलं गेलं. २०१८ मध्ये जुन्या हाडांतला डीएनए वाचला आणि सगळं उलटंपालटं झालं. आजचे पाळीव घोडे बोताईच्या घोड्यांचे वंशज निघालेच नाहीत. बोताईच्या घोड्यांचा वंशज निघाला तो ताखी. पुढे काहींनी दातांवरची ती झीज रानटी घोड्यांतही आपोआप होते, असा आक्षेप घेतला. तो वाद अजून मिटलेला नाही.

आजच्या पाळीव घोड्याचं मूळ गाव मात्र २०२१ मध्ये बऱ्यापैकी पक्कं झालं. २७३ प्राचीन घोड्यांचे जनुकसंच तपासल्यावर धागा जाऊन पोचला तो काळ्या समुद्राच्या ईशान्येला, व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या खालच्या खोऱ्यात. इसवी सनापूर्वी २२०० च्या सुमारास तिथल्या लोकांनी घोड्यांची पैदास झपाट्याने वाढवली, आणि पुढच्या काही शतकांत हा एक वंश युरोप-आशियाभर पसरला. जुने स्थानिक घोडे मागे पडले. या वंशात दोन जनुकांवर माणसाच्या निवडीचा ठसा ठळक दिसतो. एकाचा संबंध पाठीच्या कण्याशी, दुसऱ्याचा स्वभावाशी. ओझं पेलणारी पाठ आणि न बिथरणारं डोकं, अरबी घोड्यापासून भीमथडी तट्टापर्यंत सगळ्यांनी याच पुंजीवर संसार केला.

“पकडून बांधला की माणसाळला ना?”

नाही. एखादं रानटी जनावर हाताशी येणं वेगळं आणि जात माणसाळणं वेगळं. आपल्याकडे हत्ती हजारो वर्षं कामाला जुंपले, पण बहुतेक रानातून धरून आणलेले. त्यांची पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदास झाली नाही, म्हणून हत्तीची जात रानटीच राहिली. घोड्याच्या बाबतीत उलट झालं. कुठली घोडी कुठल्या घोड्याला दाखवायची हे माणसाने ठरवलं, आणि शेकडो पिढ्या ठरवलं.

ताखी तरी खराखुरा रानटी म्हणायचा का?

बोताईच्या घोड्यांना पाळीव मानलं तर ताखी हा साडेपाच हजार वर्षांपूर्वी सुटलेला मोकाट घोडा ठरतो. हा आक्षेप हलका नाही. पण मला तो पटत नाही. ताखीत ६६ गुणसूत्रं असतात, पाळीव घोड्यात ६४. गुणसूत्र म्हणजे पेशीतली आनुवंशिक माहितीची गुंडाळी. दोघांचे वंश बोताईच्याही हजारो वर्षं आधी वेगळे झाले. बोताईत काहीही घडलेलं असो, त्यानंतर पाच हजार वर्षं या घोड्याची निवड माणसाने केली नाही, थंडीने आणि लांडग्यांनी केली. जनावर रानटी आहे की नाही ते याच कसोटीवर ठरवावं.

तोही जवळजवळ गेलाच होता. मोंगोलियातला शेवटचा मोकळा ताखी १९६० च्या दशकाच्या अखेरीस दिसला. आज जगात आहेत ते सगळे रानातून धरलेल्या जेमतेम डझनभर ताखींचे वंशज, त्यात थोडं पाळीव रक्तही मिसळलेलं. एवढ्या थोड्यांतून वंश वाढला की जवळच्या नात्यांत संकर होतो, रोगांशी झुंजायची ताकद कमी होते. म्हणून १९८० मध्ये गोठवून ठेवलेल्या एका नराच्या पेशींपासून २०२० मध्ये अमेरिकेत क्लोन केलेलं शिंगरू जन्माला घातलं, हरवलेली आनुवंशिक विविधता परत मिळावी म्हणून.

१९९२ पासून ताखी मोंगोलियात पुन्हा सोडायला लागले. पेटाऱ्याचं दार उघडलं की काम झालं, असं होत नाही. आधी मोठ्या कुंपणात ठेवतात, साधारण वर्षभर. तिथला हिवाळा, तिथलं गवत, पाणी कुठे आहे, टोळीत कुणाचं कुणाशी जमतं, हे अंगवळणी पडू देतात. तरी २००९–१० च्या भीषण हिवाळ्यात, ज्याला मोंगोल लोक ‘झुद’ म्हणतात, गोबीच्या एका अभयारण्यातले निम्म्याहून जास्त ताखी मेले. दुसरा धोका शेजारच्या पाळीव घोड्यांचा. ६४ आणि ६६ चा संकर होऊन ६५ गुणसूत्रांचं शिंगरू जन्मतं आणि तेही प्रजननक्षम असतं. मेंढपाळांचे घोडे मोकळे चरतात, त्यामुळे असा संकर होऊ द्यायचा नाही तर राखणदारांना सतत डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

मस्टँग आणि ब्रम्बी: निसर्गावर सोडून का देत नाहीत?

घोड्याचं कूळ मुळात उत्तर अमेरिकेतलं. तिथून तो आशियात आला, आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी मायभूमीत मात्र नामशेष झाला. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कॅरिबियन बेटांवर घोडे नेले, १५१९ मध्ये कोर्तेसने सोळा घोडे मेक्सिकोत उतरवले. सुटलेल्या स्पॅनिश घोड्यांची प्रजा म्हणजे मस्टँग. त्याला उपरा म्हणायचं की घरी परतलेला, यावर तिथे भांडणं होतात. १९७१ च्या कायद्याने त्याला संरक्षण दिलं.

अडचण अशी की दहा हजार वर्षांत त्या भूमीचं गणित बदललं. घोड्याला खाणारी मोठी जनावरं गेली, पाणवठ्यांना कुंपणं पडली. मोकाट टोळी वर्षाला पंधरा-वीस टक्क्यांनी वाढते, म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट. कोरड्या प्रदेशात पाणवठ्याभोवतीचं गवत मुळापासून जातं, मग घोडेच खंगून मरतात. त्यावर उपाय म्हणून हेलिकॉप्टरने हाकून गोळा करतात, लोकांना पाळायला देतात, किंवा घोड्यांना बाणाने गर्भनिरोधक लस टोचतात. लस चांगली, पण बहुधा दर वर्षी पुन्हा टोचावी लागते. शेकडो मैलांच्या माळावर तीच घोडी पुन्हा शोधून काढणं फार कष्टाचं काम.

ऑस्ट्रेलियात तर घोडा कधीच नव्हता. १७८८ मध्ये पहिल्या ब्रिटिश जहाजांबरोबर तो आला. तिथल्या डोंगरांवरची शेवाळी दलदल मऊ पायांच्या जनावरांसोबत घडलेली. टणक खुरांनी ती फाटते आणि साठवलेलं पाणी वाहून जातं. गोळ्या घालण्याचं दुःख खरं आहे, पण त्या दलदलीत जगणारे बेडूक दुसरीकडे कुठे जाणार, हा प्रश्नही खराच.

भारतात रानघोडे आहेत का?

अस्सल रानटी घोडा नाही. शिवालिकच्या टेकड्यांत लाखो वर्षांपूर्वीच्या घोड्यांचे जीवाश्म मिळतात, पण ते वंश संपले. मोकाट घोडे आसामच्या डिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानात आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी घोड्यांचे ते वंशज, असं तिकडे मानतात. कच्छच्या छोट्या रणातली रानगाढवं १९६० च्या दशकात साथीच्या रोगांनी काही शेकड्यांवर आली होती. अभयारण्य झालं आणि २०२४ च्या गणनेत ती साडेसात हजारांच्या वर गेली. या यशाची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते.

कोकणात घोडा का टिकत नव्हता

आता गोवा. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, जांभ्याची धुपलेली माती, भातशेती, खाजन जमिनी. घोड्याचं शरीर ज्या कोरड्या, थंड, गवताळ पठारावर घडलं त्याच्या बरोबर उलट.

काय बिघडतं ते क्रमाने पाहू. चार महिने चिखलात उभा राहिला की खूर मऊ पडतो, खुराच्या तळव्यातल्या खाचेत सड होते, दुर्गंध सुटतो, घोडा लंगडतो. पावसाळ्यात चावणाऱ्या मोठ्या माशा वाढतात. त्यांच्यामार्फत सर्रा नावाचा रक्तातला परजीवी पसरतो. ताप, सूज, अशक्तपणा, आणि उपचार नसेल तर घोडा सहसा वाचत नाही. चाऱ्याचं तर विचारूच नका. भाताच्या पेंढ्यात कस नसतो. मग कस यावा म्हणून शिजवलेला भात किंवा कोंडा द्यायचा मोह होतो, आणि इथेच घात होतो. एकदम पुष्कळ स्टार्च मोठ्या आतड्यात गेला की ते आंबतं, पोटशूळ उठतो, खुरांच्या आतला थर सुजतो. भातकोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. असा आहार महिनोन्‌महिने चालला तर शरीर हाडांतून कॅल्शियम उपसतं, चेहऱ्याची हाडं फुगतात, पाय दगा देतात.

तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण भारताच्या पूर्व किनाऱ्यावर आलेल्या मार्को पोलोने हेच लिहून ठेवलंय: इथे घोड्यांना भात आणि शिजवलेलं मांस घालतात, उत्तम घोडीलाही वाकड्या पायांचं शिंगरू होतं, दर वर्षी हजारो घोडे विकत घेतात आणि वर्षअखेर थोडेच जिवंत राहतात. नालबंद इकडे येऊ नयेत याची परदेशी व्यापारी काळजी घेत, असंही तो सांगतो. घोडे जितके मरतील तितकी विक्री.

म्हणजे घोडा इथे पैदास करता येत नव्हता, आणि घोडदळाशिवाय दख्खनमध्ये राज्य टिकत नव्हतं. या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत गोव्याचं बंदर उभं राहिलं. आधी कदंबांचं झुआरीकाठचं गोपकपट्टण, मग मांडवीकाठचं एला, म्हणजे आजचं जुनं गोवें. विजयनगर, बहामनी आणि पुढे विजापूर या बंदरासाठी झगडले. १४७२ मध्ये बहामनींचा वजीर महमूद गवानने ते विजयनगरकडून घेतलं, आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी पोर्तुगीजांच्या आफोन्सो द आल्बुकर्कने ते विजापूरकडून दुसऱ्यांदा, कायमचं हिसकावलं.

घोडे येत होर्मुझ आणि अरबस्तानच्या किनाऱ्यावरून. या प्रवासाचं गणित मांडून पाहण्यासारखं आहे. उष्ण हवेत एका घोड्याला दिवसाला निदान तीस लिटर पाणी लागतं. पन्नास घोडे आणि वीस दिवस धरले तर नुसतं पाणीच तीस हजार लिटर, वर सुका चारा वेगळा. त्यात घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेली स्नायूंची झडप उलट दिशेने उघडतच नाही. जहाज डोललं, पोट बिघडलं, की सगळं आतच अडकतं आणि शूळ उठतो. घोडे वाटेत मरत ते यामुळेही.

फेर्नांव नुनिश या पोर्तुगीज व्यापाऱ्याने विजयनगरच्या साळुव नरसिंहाबद्दल लिहिलंय की तो एक हजार परदावांना (परदाव म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं) तीन या दराने घोडे घेई, जिवंत असोत वा मेलेले. समुद्रात मेलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी पूर्ण पैसे मिळत. कृष्णदेवराय वर्षाला तेरा हजार घोडे घेत असे, हा आकडाही नुनिशचाच. पोर्तुगीजांनी होर्मुझचे घोडे गोव्यातच उतरवायची सक्ती केली, घोड्यामागे सुमारे चाळीस परदाव जकात लावली, आणि वीस किंवा अधिक घोडे आणणाऱ्या जहाजाला इतर मालावरची जकात माफ केली. १५४७ मध्ये विजयनगरशी तहच केला की घोडे त्यांनाच मिळतील, विजापूरला नाही. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगर कोसळलं आणि गोव्याचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक गेलं.

आज शिगम्यात डिचोली, सत्तरीकडे घोडेमोडणी निघते. कमरेला बांधलेला सजवलेला घोडा, हातात तलवार, मागे ढोलताशे. गावात घोड्याची पागा नसली तरी घोडेस्वाराचा मान गावाच्या मनातून गेला नाही.

“मग मराठ्यांच्या पागा कशा भरल्या?”

घाट चढून वर गेलं की उत्तर मिळतं. देशावर पाऊस कमी, जमीन कठीण, माळावर कुसळी आणि पवन्यासारखं गवत. भीमा नदीच्या खोऱ्यात यावर भीमथडी घोडा तयार झाला: ठेंगणा, काटक, थोड्या चंदीवर दिवसभर चालणारा. रुबाबात अरबी घोडा उजवा, पण मुलुखात पसरून, मिळेल त्या गवतावर गुजराण करत लढायचं तर भीमथडीच हवा. शिलेदार स्वतःचा घोडा आणत, बारगिराला पागेतून मिळे. पेशवाईनंतर घोडदळं मोडली आणि हा वंश धनगरांच्या बिऱ्हाडामागे चालत राहिला, पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्या आणि तान्ही पोरं घेऊन. अलीकडेच त्याची स्वतंत्र भारतीय जात म्हणून सरकारी नोंद झाली.

नोंद झाली हे चांगलंच. पण तो चरतो ती माळरानं सरकारी दप्तरात कित्येक ठिकाणी ‘पडीक’ म्हणून लिहिलेली आहेत. पडीक जमीन कारखान्याला देता येते, सौर प्रकल्पाला देता येते, वनखातं तिथे खड्डे घेऊन झाडंही लावतं आणि गवत सावलीत मरतं. भीमथडी वाचवायचा असेल तर पैदास केंद्राआधी तलाठ्याच्या दप्तरातला तो शब्द बदलायला हवा, आणि धनगरांचे चराईचे हक्क लेखी द्यायला हवेत.